रडारच्या लहरी जिरविणारी अस्तरे

रडारला न दिसणाऱ्या विमानांविषयी आणि जहाजांविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते, त्यात कोणत्या तरी गुप्त रंगाचा उल्लेख हमखास असतो. जणू त्या रंगाचा एक हात फिरविला की पोलाद अदृश्य व्हावे. वस्तुस्थिती याहून अवघड आहे, आणि माझ्या मते याहून पुष्कळ मनोवेधकही आहे. कारण रडारच्या लहरी जिरविणारी रबरे, लेप आणि संमिश्रे ज्या नियमांच्या अमलाखाली काम करतात, ते नियम कोणत्याही सरकारला दफ्तरात कुलूपबंद करता येत नाहीत, आणि त्यांनी घातलेली हद्द ओलांडण्याची मुभा आजवर कोणत्याही राष्ट्राला मिळालेली नाही.

विद्युच्चुंबकीय लहरींना मज्जाव करणे ही गोष्ट एकटी पाहिली तर फारशी दुष्कर नाही. मायकेल फॅरडेने १८३६ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये बारा फूट लांबी-रुंदी-उंचीची एक खोली उभारून ती धातूने मढविली, आणि बाहेरून तिच्यात प्रबळ विद्युत्प्रभार सोडला जात असता तो स्वतः आत राहिला. त्याच्याजवळच्या नाजूक उपकरणांना विजेचा यत्किंचितही मागमूस लागला नाही. त्याच कामासाठी २०१६ साली अमेरिकी व कोरियन संशोधकांनी टायटॅनियम कार्बाइडच्या अतिसूक्ष्म पत्र्यांचा, म्हणजे 'एमक्सीन'चा, जो पापुद्रा प्रसिद्धीस आणला, त्याची जाडी अवघी ४५ मायक्रोमीटर होती आणि त्याने केलेला अटकाव ९२ डेसिबेलचा, म्हणजे आदळलेल्या ऊर्जेपैकी सुमारे दीडशे कोटींतील एकच भाग पलीकडे जाऊ देणारा होता. परंतु उत्तम वाहक पदार्थ लहरीचा बहुतेक हिस्सा पृष्ठभागावरूनच परत फेकतो. आतल्या यंत्राचे त्याने रक्षण होते. मात्र परत फेकलेली ती लहर हीच रडारला हवी असलेली खबर असते. म्हणून ज्याला लपायचे आहे, त्याच्या अस्तराने लहरीला प्रथम विनातक्रार आत घेतले पाहिजे आणि मगच तिचा शेवट केला पाहिजे.

ही निकड पहिल्यांदा जिवावर बेतली ती अटलांटिक महासागरात. १९४३ च्या आरंभापासून ब्रिटिश विमानांवर दहा सेंटिमीटर तरंगलांबीचे रडार आले, ज्याची चाहूल पाणबुड्यांवरील तत्कालीन ग्राहकयंत्रांना लागत नसे. आणि त्या वर्षीच्या एका मे महिन्यात चाळिसांहून अधिक जर्मन पाणबुड्या नष्ट झाल्या. पुढे १९४४ पासून पाणबुड्यांना श्नॉर्केल, म्हणजे पाण्याखाली राहून डिझेल इंजिन चालविण्यासाठी हवा ओढणारी नळी, बसविण्यात आली, तेव्हा पाण्याबाहेर राहणारे तिचे डोके तेवढे लपविणे बाकी उरले. त्यासाठी दोन अस्तरे सिद्ध झाली. योहानेस याउमानचे अस्तर रोधक पत्रे आणि निर्वाहक थर एकाआड एक रचून केलेले होते. ते दोनपासून पंधरा गिगाहर्ट्‌झपर्यंतच्या विस्तीर्ण पट्ट्यात चाले, परंतु त्याची जाडी साडेसात सेंटिमीटरच्या घरात जाई. वेश या दुसऱ्या संशोधकाचे अस्तर कार्बोनिल लोहाची भुकटी मिसळलेल्या रबराचे होते. ते आठ मिलिमीटरहूनही पातळ, पण त्याचा खरा प्रभाव तीन गिगाहर्ट्‌झच्या आसपासच पडे.

या दोहोंतला भेद समजून घेण्याजोगा आहे. धातूवर येणारी आणि त्यावरून परतणारी लहर मिळून जी स्थिर लहर उभी राहते, तिचे विद्युत्क्षेत्र धातूला लागून शून्य असते आणि पाव तरंगलांबी अंतरावर महत्तम होते. म्हणून रोधक कापड धातूला चिकटविले तर ते निरुपयोगी, आणि तेच पाव तरंगलांबीवर ताणून धरले तर लहरीची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने त्यात जिरते. अमेरिकेत विनफील्ड सॅलिसबरीने युद्धकाळात हेच केले (पेटंट मात्र त्याला १९५२ साली मिळाले). त्याच्या पडद्याचा रोध दर चौरसास ३७७ ओहम, म्हणजे मोकळ्या अवकाशाच्या संरोधाइतकाच मुकरर केलेला असतो, आणि त्यामुळे येणाऱ्या लहरीला तेथे काही आडवे आहे असे जाणवतच नाही. चुंबकीय क्षेत्राची तऱ्हा उलट. ते धातूला लागूनच महत्तम असते, आणि म्हणून लोहमिश्रित रबराला अंतर राखावे लागत नाही. अखंड लोखंडी पत्रा लहर परत फेकील. परंतु काही मायक्रोमीटरचे लोहकण रबराने एकमेकांपासून अलग ठेवले की लहर आत शिरते आणि प्रत्येक कणात थोडीथोडी झिजते. ही भुकटी जर्मनीत १९२५ पासून दूरध्वनी व रेडिओच्या वेटोळ्यांच्या गाभ्यांसाठी तयार होत होती. शांततेच्या कामाचा माल युद्धखात्याकडे वर्ग झाला, इतकेच.

लोहमिश्रित रबराच्या या सोयीची किंमत वजनाच्या रूपाने चुकवावी लागते, आणि आणखी एका रूपानेही. फिलिप्सच्या प्रयोगशाळेतील स्नूकने १९४८ साली दाखवून दिले की फेराइटसारख्या पदार्थाची चुंबकीय पार्यता जितकी अधिक, तितक्या कमी वारंवारतेलाच तो साथ सोडतो. शेवटचा हिशेब रशियातील कन्स्टंटिन रोझानोव्हने २००० साली मांडला: धातूवरील अचुंबकी अस्तराने एका कमाल तरंगलांबीपासून खालच्या सर्व लहरींची नऊ-दशांश ऊर्जा जिरवायची असेल, तर त्याची जाडी त्या कमाल तरंगलांबीच्या सतराव्या हिश्शाहून कमी असूच शकत नाही. काजळीच्या जागी ग्राफीन घाला किंवा कार्बनच्या नलिका घाला, हा सारा चुकत नाही. नव्या संमिश्रांच्या जाहिराती वाचताना मी प्रथम जाडी आणि पट्टा हे दोन आकडे शोधतो. ते दोन्ही दिलेले नसतील तर बाकीच्या दाव्यांना माझ्या लेखी वजन नाही.

म्हणून लपण्याचा मोठा भार आकारावरच पडला. प्योत्र उफिम्त्सेव्हने १९६२ साली मॉस्कोत कडांवरील विवर्तनाचे गणित प्रसिद्ध केले. लॉकहीडच्या अभियंत्यांनी त्याचा उपयोग केला आणि तत्कालीन संगणकांना वक्र पृष्ठांचे गणित पेलत नसल्यामुळे एफ-११७ हे विमान सपाट पैलूंनी घडविले. त्याचा पूर्वावतार 'हॅव ब्लू' १ डिसेंबर १९७७ रोजी उडाला. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या आणि २०१० साली नौदलात दाखल झालेल्या 'शिवालिक' फ्रिगेटच्या कललेल्या बाजूंमागेही हाच विचार आहे: लहर परतली तरी ती पाठविणाऱ्याकडे परतू नये. जेथे आकाराचा इलाज चालत नाही, त्या कडा, फटी आणि हवेची तोंडे अस्तराच्या वाट्याला येतात.

मात्र तरंगलांबी मोठी झाली की आकार आणि अस्तर या दोहोंचीही पकड सैल होते. २७ मार्च १९९९ रोजी सर्बियात एफ-११७ विमान पाडणाऱ्या क्षेपणास्त्र तुकडीजवळ टेहळणीसाठी पी-१८ हे जुने सोव्हिएत रडार होते, ज्याची तरंगलांबी दोन मीटरच्या सुमाराची आहे. तिचा सतरावा हिस्सा बारा सेंटिमीटरच्या आसपास येतो, आणि एवढ्या जाडीचे अस्तर अंगभर वाहून नेणारे लढाऊ विमान अद्याप कोणी बांधलेले नाही.