बोंडअळीने चुकवलेले गणित
(लेखमाला : यंत्रबुद्धी आणि जीवशास्त्र – लेखांक 7)

गेल्या लेखांकात ‘अल्फाफोल्ड’ची ओळख झाली. अमिनो आम्लांची साखळी दिली की प्रथिन कसे दुमडेल हे सांगणारी ही प्रणाली. तिच्यासाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना 2024 चे रसायनशास्त्राचे अर्धे नोबेल मिळाले. या विद्येचा जालना जिल्ह्यात कस लावायचा तर कुठे? माझ्या मते कपाशीच्या बोंडात.

बियाण्यांचे शहर म्हणून जालन्याचे नाव झाले ते बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये काढलेल्या ‘महिको’मुळे. याच कंपनीच्या तीन बीटी संकरित वाणांना मार्च 2002 मध्ये केंद्राची परवानगी मिळाली. मूळ तंत्र अमेरिकेतल्या ‘मोन्सॅन्टो’चे. मातीतल्या ‘बीटी’ नावाच्या जिवाणूचे जनुक कपाशीत घातले की झाडात ‘क्राय1एसी’ नावाचे प्रथिन तयार होते. ते अळीच्या आतड्यातल्या कॅडहेरिन या प्रथिनाला चिकटते, आतड्याला भोके पडतात आणि अळी मरते.

पण जनुक होते परदेशी वाणात. ते आपल्या वाणात आणायचे तर पुन्हा पुन्हा आपल्याच वाणाशी संकर करावा लागतो. दर पिढीला परक्याचा वाटा निम्मा होतो आणि पहिल्या संकरानंतर असे आणखी सहा संकर झाले की तो सरासरी एक टक्क्याच्या खाली येतो. रोपाच्या डीएनएमधल्या खुणा संगणकाच्या मदतीने वाचून निवड केली, तर हेच काम तीनेक पिढ्यांत उरकते. संगणकाने वाचवलेला वेळ मोजायचा तो असा, हंगामांत.

त्या खुणा बसवायच्या तर कपाशीचा जनुकसंच आधी वाचायला हवा, आणि ते काम चिवट निघाले. आपण लावतो त्या अमेरिकन कपाशीत गुणसूत्रांच्या 26 जोड्या. दहा-वीस लाख वर्षांपूर्वी दोन वेगळ्या जाती एकत्र येऊन ती झाली, म्हणून बहुतेक जनुकांच्या दोन दोन, जवळपास सारख्या प्रती तिच्यात आहेत. डीएनए वाचणाऱ्या यंत्रातून बाहेर पडतात ते त्याचे तुकडे. एका गावात एकाच नावाची दोन घरे असली की पोस्टमनची जी गत, तीच हे तुकडे जोडणाऱ्याची. दोनशे कोटींहून जास्त अक्षरांचा हा जुळवाजुळवीचा खेळ साध्या संगणकाला पेलत नाही. पहिला आराखडा 2015 मध्ये आला. अशा कामाला लागणारी ताकद आता आपल्याकडेही आहे. तिची सुरुवात पुण्याच्या सी-डॅकने 1991 मध्ये बांधलेल्या ‘परम 8000’ या महासंगणकाने झाली. पुण्यातल्याच ‘आयसर’ या विज्ञानसंस्थेतला ‘परम ब्रह्म’ सुरू झाला तेव्हाच सेकंदाला 797 लाख कोटी गणिते करू शकत होता.

इतके सगळे हाताशी असूनही गुलाबी बोंडअळी पुढे निघून गेली. गुजरातेत ती एका जनुकाच्या बीटीला दाद देत नाही, हे 2010 मध्ये जाहीर झाले. दोन जनुकांचे ‘बोलगार्ड 2’ 2006 पासून बाजारात होते. तेही तिने पचवले, आणि 2017 मध्ये मराठवाडा-विदर्भात बोंडेच्या बोंडे किडली. पहिले प्रथिन, ‘क्राय1एसी’, का हरले याचे कारण प्रयोगशाळेत सापडले : भारतातल्या प्रतिकारक अळ्यांमध्ये कॅडहेरिनचे जनुकच बिघडलेले होते. ‘क्राय1एसी’ला चिकटायला जागाच उरली नाही.

हे संगणकाला आधी सांगता आले असते का? बिघाड ठाऊक झाल्यावर प्रथिनाचा आकार काढता येतो. कोणता बिघाड कधी येईल आणि किती पसरेल, हे मात्र आकारात लिहिलेले नसते. ते शेतात ठरते. बीटीच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम साधे बियाणे यायचे. कडेला लावायचे, म्हणजे तिथे वाढलेले साधे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुगतील आणि त्यांची पिल्ले बीटीवर मरतील. कागदावर हिशेब अचूक होता. पण अळीला जागा सोडायची म्हणजे उत्पन्न सोडायचे, म्हणून ते छोटे पाकीट बहुतेकांनी लावलेच नाही. वर फरदड ठेवली (वेचणीनंतरही कपाशी न उपटता तशीच राखली), म्हणजे अळीला उन्हाळ्यापर्यंत खायची सोय. शेतकऱ्याला दोष देऊन भागणार नाही. त्याचे अर्थकारण ज्या गणितात नव्हते ते गणितच अपुरे होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून मला मुंबईच्या वाधवानी एआय संस्थेचे काम जास्त मोलाचे वाटते. गंधाने पतंगांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात अडकलेल्या पतंगांचा फोटो मोबाइलवर काढला की त्यांचे ॲप पतंग मोजते आणि फवारणीची वेळ आली का ते सांगते. ही प्रणाली आटवून इतकी लहान केली आहे की साध्या फोनवर, इंटरनेट नसतानाही चालते. शिकवताना दणकट संगणक लागतो, वापरताना नाही.

औषधाला न जुमानणाऱ्या क्षयजंतूंचेही बोंडअळीसारखेच आहे : बदल जनुकात होतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये 38 हजारांहून जास्त जंतू-नमुन्यांच्या जनुकसंचांवरून, कोणता बदल कोणत्या औषधाला निकामी करतो, याची यादी काढली. तिच्याकडे पुढच्या आठवड्यात वळू.

तोवर कपाशीवाल्या वाचकांना एक विनंती : सापळे लावले असतील तर रोजचा आकडा तारखेसह वहीत लिहा. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले, की उपायाची वेळ झाली.