जीपच्या बिडावरचे आकडे

परभणी जिल्ह्यातल्या पेडगावसारख्या गावात एखाद्या वाड्याच्या पडवीत जुनी जीप उभी असली की घरातले सांगतात, ‘मिलिटरीची आहे.’ असेलही. पण ठरवायचं तर बोनेट उघडावं लागतं, कारण एवढ्या वर्षांत इंजिन बहुधा एकदा तरी बदललेलं असतं.

ठोकलेले आणि उठावाचे

कागदपत्रांत असतो तो इंजिन नंबर पंचाने ठोकलेला, म्हणून खोलगट. ओतकामाचा नंबर साच्यातूनच बिडावर उमटतो, म्हणून उठावाचा. ठोकलेला नंबर घासून दुसरा मारता येतो. उठावाचे आकडे नव्याने आणणं अवघड. माझा भरवसा त्यांच्यावरच जास्त. मात्र एकाच नंबरचा भाग वर्षानुवर्षं ओतला जाई. नेमका काळ सांगते ती शेजारची तारीख. एखादा ओत फसला तर त्या दिवसाचे भाग वेगळे काढता यावेत, म्हणून ती घालत.

तारीख वाचताना

जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली. जीपमधलं बदललेलं इंजिन त्यांच्या शेव्हरलेचं असलं आणि त्याच्या ब्लॉकवर ‘सी १४ ७’ असेल, तर सी म्हणजे मार्च, मग तारीख, मग वर्षाचा शेवटचा आकडा. हा सात १९५७चा की १९६७चा, हे ओतकामाच्या नंबरावरून ठरतं. साठच्या दशकातल्या फोर्डचा क्रम उलटा: ‘५ सी १४’ म्हणजे १४ मार्च १९६५. फोर्ड ‘आय’ अक्षर वगळते, त्यामुळे तिचा ‘जे’ सप्टेंबर, तर शेव्हरलेचा ऑक्टोबर. इथे पुष्कळ जण चुकतात.

भाग गाडीच्या आधी ओतलेला असायला हवा. ब्लॉकची तारीख गाडीनंतरची निघाली, तर तो मागाहून बसवलेला.

विलीज की फोर्ड?

दुसऱ्या महायुद्धात एकच जीप दोघांनी बनवली: विलीजची एमबी, फोर्डची जीपीडब्ल्यू. फोर्डने आपला ‘एफ’ बोल्टच्या डोक्यावरसुद्धा उमटवला. चासीचा पुढचा आडवा दांडा विलीजमध्ये गोल नळीचा, फोर्डमध्ये उलट्या पन्हळीसारखा. स्वातंत्र्यानंतर महिंद्राने माझगावात विलीज जीप जोडायला घेतल्या. पुढच्या सीजे-३बीचं इंजिन उंच, म्हणून बोनेटही उंच. तसं बोनेट दिसलं, तर ती महायुद्धातली जीप नव्हे.

कागदांशी मेळ

परभणी जिल्हा १ नोव्हेंबर १९५६पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्याआधी इथे नोंदलेल्या गाडीचे कागद तिकडचे असणार. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची व्हिंटेज पाटी मिळते. चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार चालत नाही.

आकडे साफ करताना

ग्राइंडर अजिबात लावू नका. रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने चिकटा काढा, मग तारेचा ब्रश हलक्या हाताने फिरवा आणि खडू आडवा घासा. तरीही वाचता आलं नाही, तर अंधार पडू द्या आणि टॉर्च बाजूने धरा. सावलीने आकडे उठून दिसतात.