दानपेटीपासून ताळेबंदापर्यंत

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाई पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभ्या राहिलेल्या या कारखान्यासाठी केरळ, आंध्र, ओडिशा, विदर्भ अशा अनेक भागांतून माणसे आली. त्यांच्याबरोबर त्यांची प्रार्थनास्थळेही आली. चर्चच्या आश्रयाने शाळा, दवाखाने आणि मदतनिधी सुरू झाले. अशा संस्थांचे विश्वस्त बहुधा नोकरी सांभाळून हे काम करतात. पुढे ते निवृत्त होऊन मूळ गावी परततात, पण संस्थेचे खाते, ठेवी आणि जमीन येथेच राहतात. म्हणूनच न्यासाचा कारभार कोणा एकाच्या स्मरणशक्तीवर नव्हे, तर लेखी नोंदींवर उभा असावा लागतो.

उद्दिष्ट हेच पहिले बंधन

या संदर्भात मराठी मुलखातील एक जुना प्रसंग बोधप्रद आहे. पंडिता रमाबाईंच्या कार्यास साहाय्य करण्यासाठी १८८७ मध्ये बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशनची स्थापना झाली. तिच्या पाठबळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले व पुढे ते पुण्यास हलले. तेथे धार्मिक तटस्थता पाळली जाते की नाही, यावरून वाद विकोपास गेला आणि १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर प्रभृती सल्लागारांनी राजीनामे दिले. त्या वादाची चर्चा इतिहासकार करोत. विश्वस्तांनी घ्यावयाचा बोध मात्र स्पष्ट आहे. पैसा ज्या हेतूने येतो, तो हेतू दाता, लाभार्थी आणि चालक या तिघांनाही एकाच अर्थाने कळलेला असला पाहिजे. इमारतीसाठी मिळालेली देणगी वेतनावर खर्च झाली, तर एक रुपयाही कोणी घरी नेला नसताना विश्वासाला तडा जातो.

कायद्याची चौकट

महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांची नोंदणी व देखरेख धर्मादाय आयुक्तांच्या अखत्यारीत येते. छत्तीसगडमध्ये मात्र अविभक्त मध्य प्रदेशात झालेला १९५१ चा लोक न्यास अधिनियम लागू असून, जिल्हाधिकारी हेच न्यासांचे निबंधक असतात. भिलाई दुर्ग जिल्ह्यात असल्याने तेथील नोंदणीकृत न्यासांचा संबंध दुर्गच्या जिल्हाधिकारी कार्यालयाशी येतो. न्यासाची स्थावर मालमत्ता विकण्यापूर्वी किंवा गहाण ठेवण्यापूर्वी निबंधकांची मंजुरी आवश्यक असते.

प्राप्तिकरातील सवलतीसाठी साधारणतः उत्पन्नाचा किमान ८५ टक्के भाग उद्दिष्टांवर खर्च करावा लागतो. विदेशी देणगीचे नियम अधिक कडक आहेत. २०२० च्या दुरुस्तीनुसार अशी रक्कम प्रथम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील विशेष खात्यातच स्वीकारावी लागते. तीतून प्रशासकीय खर्च २० टक्क्यांपेक्षा अधिक करता येत नाही आणि ती अन्य संस्थेकडे वळविता येत नाही.

दोन डोळ्यांऐवजी चार

नवा करारातील एका पत्रात संत पौल जमलेले दान पोहोचविण्यासाठी तीतासोबत आणखी सहकारी पाठवितात, कारण त्या रकमेबाबत कोणालाही बोट दाखविण्यास जागा राहू नये. आजच्या अंतर्गत नियंत्रणाचे तत्त्वही हेच आहे.

उपासनेनंतर जमलेले दान एकमेकांचे नातेवाईक नसलेल्या दोघांनी तेथेच मोजून नोंदीवर स्वाक्षऱ्या कराव्यात. त्यातून परस्पर खर्च न करता पूर्ण रक्कम खात्यात भरावी. धनादेशांवर दोन स्वाक्षऱ्या असाव्यात. नेटबँकिंगमध्ये व्यवहार एकाने नोंदवावा व दुसऱ्याने मंजूर करावा. जो पैसे देतो, त्यानेच खतावणी लिहू नये. दरमहा रोकडवही आणि बँकेचे खातेउतारे ताडून पाहावेत. मुदत ठेवी न्यासाच्याच नावे असाव्यात. ठेव विम्याचे संरक्षण एका बँकेत व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंतच आहे, याचे भान ठेवावे. पदाधिकारी बदलताच ठरावाची प्रत व नव्या स्वाक्षऱ्या शाखेत द्याव्यात. हे राहून गेले, तर ऐन गरजेच्या वेळी खाते अडकून पडते आणि शाळेचे वेतन किंवा रुग्णाचे औषध थांबते.

लेखापरीक्षित ताळेबंद वर्षातून एकदा सभासदांसमोर, त्यांना समजेल अशा भाषेत वाचला जावा. प्रश्न विचारणारा सभासद हा विश्वस्तांवर अविश्वास दाखवत नसतो. तो त्यांचे ओझे वाटून घेत असतो. भट्टीच्या धगीत मिळवलेल्या पगारातून कोणी दहा रुपये दानपेटीत टाकतो, तेव्हा तो पावती मागत नाही. म्हणूनच त्या दहा रुपयांचा हिशेब न मागता देणे, हे विश्वस्तांचे कर्तव्य ठरते.