एचएमएस हॅम्पशायर : लॉर्ड किचनरला घेऊन बुडालेली युद्धनौका

शाळेच्या इतिहासात लॉर्ड कर्झन आपल्याला भेटतो तो १९०५च्या बंगालच्या फाळणीमुळे. त्याच वर्षी कर्झनने व्हाइसरॉयपदाचा राजीनामा दिला. का दिला? तर हिंदुस्थानच्या लष्कराचा सरसेनापती लॉर्ड किचनर याच्याशी त्याचं वाजलं. लष्कराच्या कारभारात अखेरचा शब्द कोणाचा, यावर दोघांची जुंपली, लंडनच्या सरकारने किचनरची बाजू घेतली आणि कर्झन घरी गेला. हा किचनर १९०२ ते १९०९ इथे होता. पुढे पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तो ब्रिटनचा युद्धमंत्री झाला. जाड मिशांचा, समोर बोट रोखून पाहणारा माणूस असलेलं ते प्रसिद्ध सैन्यभरतीचं चित्र तुम्ही पाहिलं असेल. तोच हा.

किचनरच्या मरणाची नोंद बहुतेक पुस्तकांत एका ओळीत आटोपते. ५ जून १९१६ रोजी रशियाला जाताना जहाज बुडून मृत्यू. आता पुढचा प्रश्न विचारून पाहा. जहाज कोणतं होतं? त्यावर आणखी किती माणसं होती? इथे बहुतेक जण अडखळतात. म्हणून आज आपण प्रवाशाची नाही, जहाजाची गोष्ट पाहू.

जहाजाचं नाव एचएमएस हॅम्पशायर. एचएमएस म्हणजे 'हिज मॅजेस्टीज शिप', अर्थात राजाचं जहाज. इंग्लंडमधल्या आर्मस्ट्राँग कंपनीच्या एल्सविक इथल्या गोदीत १९०२ साली तिची बांधणी सुरू झाली, १९०३ मध्ये ती पाण्यात उतरली आणि १९०५ मध्ये नौदलात दाखल झाली. डेव्हनशायर वर्गातल्या सहा भावंडांपैकी ती एक. वजन सुमारे १०,८५० टन, लांबी ४७३ फूट, चार उंच धुराडी, आणि वेग २२ नॉट, म्हणजे तासाला साधारण ४० किलोमीटर. हे सगळं चालायचं कोळशावर. जहाजाच्या पोटात भट्ट्यांसमोर उघड्या अंगाने कोळसा ओढणारे शेकडो कामगार-खलाशी असायचे. ही माणसं लक्षात ठेवा, पुढे त्यांचा विषय येणार आहे.

हॅम्पशायर ही 'चिलखती क्रूझर' होती. म्हणजे काय? त्या काळी लढाऊ जहाजांचे ढोबळ दोन प्रकार होते. एक, मोठ्या तोफा आणि जाड चिलखत असलेली पण सुस्त चालीची बॅटलशिप. दुसरी क्रूझर, म्हणजे वेगाने धावणारी, लांबवर पहारा देणारी, व्यापारी जहाजांची राखण करणारी. चिलखती क्रूझर या दोघींच्या मधली. क्रूझरसारखी धावायची, पण दोन्ही कुशींना पोलादी चिलखताचा पट्टा असायचा. हॅम्पशायरचा पट्टा सर्वात जाड जागी ६ इंचांचा होता. तिच्यावर साडेसात इंची ४ आणि सहा इंची ६ तोफा होत्या. तोफेचे इंच म्हणजे नळीच्या तोंडाचा व्यास, बरं का, लांबी नव्हे. यातल्या सहा इंची तोफांपैकी बऱ्याचशा पाण्याच्या इतक्या जवळ बसवल्या होत्या, की समुद्र खवळला की लाटांमुळे त्या वापरताच येत नसत. उत्तर समुद्रात फिरणाऱ्या जहाजाच्या बाबतीत ही रचना मला तरी अजबच वाटते.

पण खरं दुर्दैव वेगळंच होतं. हॅम्पशायर नौदलात आली १९०५ च्या जुलैत. १९०६ संपता संपता ब्रिटननेच 'ड्रेडनॉट' नावाची नवी बॅटलशिप तयार केली. तिच्यावर १२ इंची १० तोफा, आणि टर्बाइन इंजिनामुळे वेग २१ नॉट! म्हणजे बॅटलशिपच आता क्रूझरच्या जवळपास वेगाने धावू लागली. मग १९०८ मध्ये 'इन्व्हिन्सिबल' वर्गातली जहाजं येऊ लागली, १२ इंची ८ तोफा आणि २५ नॉट वेग. यांना बॅटलक्रूझर म्हणू लागले. झालं! चिलखती क्रूझरला ज्याच्याशी लढावं लागेल त्याच्याशी लढता येईना, आणि ज्याच्यापासून पळावं लागेल त्याच्यापासून पळता येईना. तीन वर्षांच्या जहाजावर म्हातारपण आलं. पण एवढं महागडं जहाज कोणी भंगारात काढत नाही. त्यामुळे हॅम्पशायर पुढे बदल्यांवर जाणाऱ्या कर्मचाऱ्यासारखी फिरत राहिली. आधी मायदेशातल्या ताफ्यात, मग राखीव जहाजांत, १९११ मध्ये भूमध्य समुद्रात आणि १९१२ मध्ये थेट चीनच्या किनाऱ्यावर.

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा ती तिकडेच होती. आणि इथे तिचा आपल्या समुद्राशी संबंध येतो.

'एम्डेन' हे जर्मन जहाज पूर्वेकडून गुपचूप बंगालच्या उपसागरात शिरलं. खरं तर एम्डेन हॅम्पशायरपेक्षा कितीतरी लहान, पण तिचा कप्तान म्युलर फार धूर्त. तिला तीन धुराडी होती. त्याने चौथं खोटं धुराडं उभं केलं, म्हणजे लांबून पाहणाऱ्याला ब्रिटिश क्रूझर वाटावी. सप्टेंबरपासून तिने व्यापारी जहाजं एकामागून एक पकडायला आणि बुडवायला सुरुवात केली. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री ती मद्रासच्या समोर येऊन उभी राहिली आणि बर्मा ऑइल कंपनीच्या तेलाच्या टाक्यांवर तोफा डागून निघून गेली. शहरात इतकी घबराट पसरली की तमिळ भाषेत 'एम्डन' हा शब्दच रूढ झाला. चलाख, कोणाच्या हाती न लागणाऱ्या माणसाला तिकडे आजही एम्डन म्हणतात.

या एम्डेनला शोधायच्या कामावर जी जहाजं होती, त्यांत हॅम्पशायर प्रमुख होती. पण ती नेहमी एक पाऊल मागे. एम्डेनच्या बिनतारी यंत्रावर हॅम्पशायरचे संदेश ऐकू येत, आणि आवाज मोठा झाला की शत्रू जवळ आला, हे म्युलरला कळे. म्हणजे शोधणाऱ्याचाच पत्ता लपणाऱ्याला लागत होता! शेवटी ९ नोव्हेंबर १९१४ रोजी कोकोस बेटांजवळ एम्डेनला गाठलं ते ऑस्ट्रेलियाच्या 'सिडनी'ने. हॅम्पशायरच्या वाट्याला आलं ते ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सैनिकांना घेऊन इजिप्तकडे निघालेल्या जहाजांची राखण करणं.

मद्रासवर गोळे पडले त्याच दिवशी, २२ सप्टेंबरलाच, तिकडे उत्तर समुद्रात आणखी एक गोष्ट घडली होती. अबूकिर, होग आणि क्रेसी या तीन ब्रिटिश चिलखती क्रूझरना यू-९ या एकाच जर्मन पाणबुडीने साधारण दीड तासात बुडवलं. १,४५९ माणसं गेली. पहिल्या जहाजावरची माणसं वाचवायला दुसरं थांबलं, दुसऱ्यासाठी तिसरं थांबलं, आणि थांबलेली जहाजं आयतीच सापडली. नोव्हेंबरात दक्षिण अमेरिकेजवळ 'गुड होप' आणि 'मॉनमथ' या दोन चिलखती क्रूझर तोफांच्या लढाईत सगळ्या माणसांसह बुडाल्या. या जातीच्या जहाजांचा काळ संपला होता हे आता आकडेच सांगत होते.

१९१५च्या सुरुवातीला हॅम्पशायर स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी बेटांमधल्या स्कापा फ्लो या नौदल तळावर आली. वर्षअखेरीस तिला रशियाच्या उत्तरेकडच्या श्वेत समुद्रातही राखणीला पाठवलं गेलं. ३१ मे १९१६ रोजी जटलंडची प्रचंड लढाई झाली, तेव्हाही ती हजर होती, पण तिला फारसं काही करावं लागलं नाही. तिच्या जातीच्या तीन जहाजांचा मात्र तिथे निकाल लागला. डिफेन्स, वॉरियर आणि ब्लॅक प्रिन्स. त्यांतल्या डिफेन्स आणि ब्लॅक प्रिन्सवरचा एकही माणूस वाचला नाही. हॅम्पशायर सुखरूप तळावर परतली. खलाशांनी सुटकेचा श्वास टाकला असेल. पण तीनच दिवसांत नवा हुकूम आला.

किचनरला रशियाला जायचं होतं, झार निकोलसशी शस्त्रपुरवठ्याबद्दल बोलायला. नकाशा काढून बघा. मध्ये जर्मनी, म्हणून जमिनीचा रस्ता बंद. बाल्टिक समुद्र जर्मनांच्या ताब्यात. दक्षिणेकडे दार्दानेल्सची सामुद्रधुनी तुर्कांनी अडवलेली. उरला एकच मार्ग, नॉर्वेला वळसा घालून उत्तरेकडच्या अर्खांगेल्स्क बंदरात जाण्याचा. ५ जूनला किचनर स्कापा फ्लोला पोचला, ताफ्याचा प्रमुख जेलिको याच्यासोबत 'आयर्न ड्यूक'वर जेवला आणि हॅम्पशायरवर चढला. दुपारी पावणेपाचच्या सुमारास जहाज निघालं. सोबतीला युनिटी आणि व्हिक्टर या दोन विनाशिका होत्या.

आता वाऱ्याकडे लक्ष द्या, कारण सगळा घात इथे झाला. त्या दिवशी ईशान्येकडून वादळ येत होतं. म्हणून जेलिकोने ठरवलं, की जहाजाने बेटांच्या पश्चिमेकडून जावं. बेटांचा आडोसा मिळेल, समुद्र जरा शांत असेल, लहान विनाशिकांनाही सोबत राहता येईल. विचार चुकीचा नव्हता. पण जहाज बाहेर पडल्यावर वादळ फिरलं आणि वारा वायव्येकडून सुटला. ज्या बाजूला आडोसा शोधला, तीच बाजू आता वादळाच्या तोंडाशी आली. विनाशिकांना ते झेपेना, त्या मागे पडू लागल्या. कप्तान सॅव्हिलने त्यांना परत पाठवलं. हॅम्पशायर एकटी पुढे निघाली.

पश्चिमेचा हा मार्ग सुरक्षित मानला जात होता. पण जटलंडच्या लढाईच्या आधी, ब्रिटिश ताफा बाहेर पडेल तेव्हा त्याला इजा करता यावी म्हणून, जर्मनांनी पाणबुड्या पाठवून ठेवल्या होत्या. त्यांतल्या यू-७५ने मेच्या अखेरीस याच पट्ट्यात सुरुंग पेरले होते. समुद्री सुरुंग म्हणजे दोरखंडाने तळाशी बांधलेला, पाण्याखाली तरंगत राहणारा स्फोटकांचा गोळा. तो कोणाची वाट पाहत नाही, कोणाला ओळखत नाही. किचनर त्या वाटेने येणार हे पाणबुडीवरच्या कोणालाही ठाऊक असणं शक्य नव्हतं.

संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास हॅम्पशायर सुरुंगावर आदळली. किनारा जेमतेम दीड मैल दूर होता. आणि अंधारही नव्हता, इतक्या उत्तरेला जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. पण स्फोटाने वीज गेली. वीज गेली म्हणून बिनतारी संदेश गेला नाही. होड्या उतरवायची यंत्रंही चालेनात. ज्या होड्या हाताने उतरवल्या त्या लाटांनी जहाजाच्या कुशीवर आपटून फोडल्या. साधारण पंधरा मिनिटांत जहाज नाकाच्या बाजूने खाली गेलं. भट्ट्यांसमोरच्या माणसांना वर यायला किती वेळ मिळाला असेल, याचा विचार करा.

काही जण तराफ्यांवर चढले. तराफ्यावर जागा मिळाली म्हणजे जीव वाचला असं नव्हतं. त्या पाण्याची थंडी अशी, की किनारा येईपर्यंत एकेक जण गारठून गेला. जे पोचले त्यांना समोर उभे कडे आणि खडक. जिवंत राहिले फक्त १२ जण. किचनरचा मृतदेह कधीच सापडला नाही. किनाऱ्यावरच्या लोकांनी जहाज बुडताना पाहिलं होतं. आम्हाला मदतीला जाऊ दिलं नाही, स्ट्रोमनेसची जीवरक्षक होडी निघू दिली नाही, असं ऑर्कनीत पिढ्यान् पिढ्या सांगितलं गेलं आहे.

बातमी फुटल्यावर अफवांना ऊत आला. किचनर जिवंत आहे, हेरांनी जहाज उडवलं, सरकारनेच मारलं, वाटेल ते. १९२६ मध्ये फ्रँक पॉवर नावाच्या एका माणसाने नॉर्वेत किचनरचा मृतदेह सापडल्याचा दावा करून शवपेटी लंडनला आणली. अधिकाऱ्यांनी उघडली तर आत मृतदेह नाही, वजनासाठी भरलेलं डांबर! त्याच वर्षी मार्विक हेड या कड्यावर किचनरचं स्मारक म्हणून ४८ फुटी दगडी मनोरा उभा राहिला. त्यावर किचनरचं नाव आहे. जहाजावरच्या माणसांचा उल्लेख आहे, पण नावं नाहीत.

नावं सोडा, आकडासुद्धा ठरलेला नव्हता. कितीतरी वर्षं पुस्तकांत साडेसहाशेच्या आसपास माणसं गेली असं छापलं जायचं. ऑर्कनीतल्या अभ्यासकांनी नोंदी तपासून एकेक नाव जुळवलं तेव्हा आकडा निघाला ७३७. त्यांतले काही जण होय बेटावरच्या लाइनेस इथल्या नौदलाच्या दफनभूमीत आहेत, बहुतेक जण जहाजातच. जहाज समुद्रतळाशी उलटं पडलेलं आहे. १९८३ मध्ये काही लोकांनी परवानगी नसताना त्याचा एक पंखा वर काढला, तो आता लाइनेसच्या संग्रहालयात ठेवलेला दिसतो. आज त्या जागेला युद्धातल्या मृतांचं स्थान म्हणून कायद्याचं संरक्षण आहे आणि विनापरवाना तिथे उतरता येत नाही.

बुडाल्याला शंभर वर्षं झाली तेव्हा, २०१६ मध्ये, किचनरच्या मनोऱ्याभोवती एक बुटकी दगडी भिंत बांधली गेली. तिच्यावर ७३७ नावं कोरली आहेत. त्यांच्यासोबत आणखी ९ नावं आहेत, 'लॉरेल क्राउन' या छोट्या बोटीवरच्या माणसांची. हॅम्पशायर बुडाल्यावर तिथले सुरुंग काढायला ही बोट पाठवली होती, आणि २२ जून १९१६ रोजी त्यांतल्याच एका सुरुंगाने ती बुडाली.