ठिपका दिसायला हवा : मोठा पडदा आणि 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'

मागच्या वेळी आपण टीव्हीच्या धास्तीनं हॉलीवूडचे पडदे कसे रुंदावत गेले ते पाहिलं. आज एकच चित्रपट घेऊ. डेव्हिड लीन यांचा १९६२ चा 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'.

आपल्यापैकी बहुतेकांनी तो टीव्हीवर किंवा मोबाइलवर पाहिलाय, आणि "फार संथ आहे बुवा" ही तक्रार ठरलेली. तक्रार अगदीच खोटी नाही. पण विहिरीचा प्रसंग आठवा. क्षितिजावर मृगजळात एक काळा ठिपका थरथरतो, आणि हळूहळू त्याचा उंटावरचा ओमर शरीफ होतो. छायालेखक फ्रेडी यंग यांनी यासाठी ४८२ मिलिमीटरची लेन्स वापरली. आता बघा, ठिपका आधी दिसला तरच आपण वाट पाहतो. हा कोण, मित्र की शत्रू? छोट्या पडद्यावर ठिपकाच हरवतो. मग उरतं नुसतं रिकामं वाळवंट, आणि कंटाळा.

हा तपशील येतो फिल्मच्या आकारातून. चित्रीकरण ६५ मिलिमीटरच्या निगेटिव्हवर, प्रिंट ७० ची. वाढीव जागा ध्वनिपट्ट्यांसाठी. नेहमीच्या ३५ मिलिमीटरच्या मानानं चौकटीचं क्षेत्रफळ साधारण तिप्पट. इथे एक गल्लत होते. आपला 'शोले'ही ७० मिलिमीटरचा, पण तो ३५ वर चित्रित करून मग मोठा केलेला. पडदा वाढला, टिपलेला तपशील तेवढाच राहिला. (मिनर्व्हात तो पाहण्याची मजा त्यामुळे कमी होत नव्हती, हे मान्य!)

'लॉरेन्स' मात्र जवळजवळ हातचा गेला होता. मूळचा २२२ मिनिटांचा चित्रपट कापाकापीत १८७ वर आला. रॉबर्ट हॅरिस आणि सहकाऱ्यांनी तुकडे शोधून १९८९ साली तो पुन्हा उभा केला. ऐंशीच्या घरातले लीन स्वतः संकलनाला बसले. काही तुकड्यांचा आवाजच सापडेना. तेव्हा पीटर ओटूल यांनी सत्तावीस वर्षांनी आपलेच संवाद पुन्हा म्हटले. जॅक हॉकिन्स हयात नव्हते, त्यांच्यासाठी चार्ल्स ग्रे यांनी आवाज दिला.

आता दिवे मालवू या. गासिमला परत आणण्याचा प्रसंग पाहू. गासिम म्हणजे आपले आय. एस. जोहर. नजर क्षितिजावर ठेवा.