बाल्टिकचं पाणी, नऊ देशांच्या नोंदी

बाल्टिक समुद्राभोवती नऊ देश आहेत. डेन्मार्कजवळच्या चिंचोळ्या सामुद्रधुन्यांतून जे पाणी आत-बाहेर होतं, तेवढाच त्याचा महासागराशी संबंध. पाणलोटातल्या सुमारे साडेआठ कोटी लोकांच्या शेतांतलं खत आणि शहरांचं सांडपाणी एकदा आत आलं की वर्षानुवर्षं तिथेच घुटमळतं. उन्हाळ्यात शेवाळ माजतं, मरून तळाशी कुजतं आणि तिथला प्राणवायू संपवतं. हे दुखणं कुठे वाढतंय, कुठे ओसरतंय, हे सांगायचं तर सगळ्यांच्या नोंदी एका नकाशावर आणाव्या लागतात. आणि घोडं पेंड खातं ते नेमकं तिथे.

नायट्रेटचंच घ्या. ते हिवाळ्यात मोजतात, शेवाळाने फस्त करण्याआधी, वरच्या दहा मीटर पाण्यात. समजा, एका प्रयोगशाळेने लिहिलं लिटरला 0.62 मिलिग्रॅम, दुसरीने 0.14 मिलिग्रॅम, तिसरीने 10 मायक्रोमोल. नकाशावर हे आकडे तसेच चढवले, तर पहिल्या देशाचा किनारा दुसऱ्याच्या चौपट घाण दिसेल. प्रत्यक्षात तिन्ही आकडे एकाच पाण्याचे आहेत. पहिलीने अख्ख्या नायट्रेटचं वजन धरलं, दुसरीने त्यातल्या फक्त नायट्रोजनचं, तिसरीने वजनाऐवजी रेणू मोजले. रकान्याच्या डोक्यावर ‘नायट्रेट’ एवढंच लिहिलेलं असेल, तर चूक पकडायची कशी?

जागेचा घोळ याहून चिवट. शेजारच्या उत्तर समुद्रात जुन्या युरोपीय पद्धतीने लिहिलेले अक्षांश-रेखांश जीपीएसच्या नकाशावर तसेच टाकले, तर ठिकाण शंभर मीटरहून जास्त सरकतं. खोली मोजायची कुठून, यावरही एकमत नव्हतं. पश्चिमेकडे उंचीचं शून्य ॲमस्टरडॅमचं, पूर्वेकडे रशियातल्या क्रॉनश्टाटचं होतं. त्यात बाल्टिकच्या उत्तरेकडच्या बॉथ्नियाच्या आखाताचा किनारा हिमयुगातल्या बर्फाचं ओझं उतरल्यापासून अजून वर उठतोय, काही ठिकाणी वर्षाला जवळपास सेंटीमीटरभर. म्हणून सागरी नकाशांसाठी ठरवलेल्या नव्या सामाईक शून्याच्या नावातच 2000 हे साल घालावं लागलं. शून्यालाही तारीख लागते!

राजकारण आडवं येतं ही सबब मात्र अर्धीच खरी. 1974 मध्ये, शीतयुद्ध चालू असताना, पूर्व आणि पश्चिम जर्मनीसह सात देशांनी बाल्टिकच्या रक्षणासाठी हेलसिंकीत करारावर सह्या केल्या. पुढे युरोपीय संघाने 2007 मध्ये भौगोलिक माहितीच्या सामाईक रचनेचा ‘इन्स्पायर’ हा कायदा केला, तर 2008 मध्ये दर सहा वर्षांनी समुद्राच्या तब्येतीचा आढावा घ्यायला लावणारा दुसरा. कायदे चांगले, पण ‘इन्स्पायर’चे तांत्रिक नियम इतके जाडजूड की सरकारी खात्यांचा जीव नमुने भरण्यातच जातो. मला ‘ईमोडनेट’ या युरोपीय सागरी माहितीच्या जाळ्याची वाट अधिक व्यवहारी वाटते: देशांकडे आहे तशी माहिती घ्यायची, तिच्यावर एकाच ठिकाणी संस्कार करायचे आणि सर्वांना फुकट द्यायची. 

तरीही सवते सुभे आहेतच. डेन्मार्क आणि स्वीडनमधला कॅटेगॅट हा पट्टा बाल्टिकच्या कराराखालीही येतो आणि ईशान्य अटलांटिकच्या कराराखालीही. एकाच पाण्याचे दोन अहवाल, दोन चौकटी. त्याचं गुणपत्रक एकच असावं, हे सांगायला तज्ज्ञ कशाला हवा?

माहिती मागताना कच्च्या नोंदी मागाव्यात. रंगवलेले नकाशे पुरेसे नाहीत. एकक, खोली, तारीख, मोजण्याची पद्धत सोबत असेल तर वीस वर्षांनीही आकडा नव्याने तपासता येतो. रंगाखाली दडलेला आकडा परत काढता येत नाही.

राजकारणाची सबब मात्र अर्धी तरी खरीच. बाल्टिकला मिळणारी सर्वांत मोठी नदी म्हणजे नेवा. ती रशियातल्या सेंट पीटर्सबर्गमधून फिनलंडच्या आखातात उतरते. पण युक्रेनवरच्या आक्रमणानंतर, मार्च 2022 पासून, हेलसिंकी कराराखालच्या रशियासोबतच्या बैठका थांबलेल्या आहेत.