निगम वित्त आणि नवप्रवर्तन : पीएच.डी. संशोधनाची एक वाट
(तारापूर औद्योगिक परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

वाणिज्य शाखेतील पीएच.डी.चा विद्यार्थी निगम वित्ताकडे बहुधा भांडवल रचना, लाभांश धोरण किंवा खेळते भांडवल या परिचित विषयांतून येतो. नवप्रवर्तन हा विषय त्याला तंत्रशाखेचा वाटतो. या दोहोंना जोडणारी वाट स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. संदर्भासाठी पालघर तालुक्यातील सालवड परिसर घेतला आहे. तारापूर औद्योगिक क्षेत्रातील अनेक कारखान्यांच्या पत्त्यात या गावाचे नाव आढळते.

कर्जाकडून प्रयोगाकडे

आदर्श बाजारपेठेत कंपनीचे मूल्य तिच्या भांडवल रचनेवर अवलंबून नसते, असे मोदिग्लियानी व मिलर यांनी १९५८ मध्ये मांडले. शोधकार्याचे फलित अनिश्चित असल्यामुळे मुक्त बाजारात त्यावर पुरेसा खर्च होत नाही, हे केनेथ ॲरो यांनी १९६२ मध्ये दाखविले. हे दोन विचार तारणाच्या प्रश्नापाशी एकत्र येतात. बँक शेड, यंत्रसामग्री आणि भूखंडाचा भाडेपट्टा पाहते. रसायनतज्ज्ञाच्या डोक्यातील कृती गहाण ठेवता येत नाही. कर्जाच्या हप्त्याची तारीख ठरलेली असते, प्रयोग यशस्वी होण्याची नसते. प्रयोग फसला तर तोटा कोणी सोसावयाचा, हाच या संशोधनक्षेत्राचा मूळ प्रश्न होय.

विरल आचार्य यांचा प्रवास या दृष्टीने उद्बोधक आहे. मुंबईच्या आयआयटीतून १९९५ मध्ये संगणकशास्त्राची पदवी घेऊन त्यांनी २००१ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातून वित्तशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. पुढे कृष्णमूर्ती सुब्रमणियन यांच्यासमवेत त्यांनी दिवाळखोरीचे कायदे व नवप्रवर्तन यांवर लिहिलेला निबंध २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. कायदा धनकोंच्या बाजूचा असेल तर अवेळी दिवाळे निघण्याच्या भीतीने कंपन्या धाडसी प्रयोग टाळतात, असा त्याचा आशय आहे. निरनिराळ्या देशांतील कंपन्यांना मिळालेली अमेरिकी पेटंटे हा त्यांचा आधार होता.

मोजमापाची अडचण

हा आधार तारापूरला जसाच्या तसा लावता येत नाही, आणि येथेच मार्गदर्शकाची खरी कसोटी लागते. समजा, रंगद्रव्ये बनविणाऱ्या एखाद्या लघुउद्योजकाने द्रावक पुन्हा वापरात आणण्याची सोय केली आणि सांडपाणी कमी झाले. हे निश्चितच नवप्रवर्तन आहे. तथापि त्याचे पेटंट होत नाही, आणि ताळेबंदात तो खर्च दुरुस्ती व देखभाल या सदरात पडण्याची शक्यता असते. केवळ पेटंटे मोजणारा विद्यार्थी येथे नवप्रवर्तन नाही असा निष्कर्ष काढील. पन्नास उद्योजकांना प्रश्नावली देऊन ‘आपण नवप्रवर्तन करता काय?’ असे विचारणे हा त्यावरील उपाय नव्हे. उत्तर बहुधा होकारार्थीच येणार.

मोठ्या कंपन्यांबाबत करसवलतीचा मार्ग आहे. प्राप्तिकर कायदा, १९६१ च्या कलम ३५ (२एबी) अन्वये मान्यताप्राप्त अंतर्गत संशोधनावरील वजावट २००% होती. ती २०१७-१८ पासून १५०% आणि २०२०-२१ पासून १००% झाली. कायद्यातील असा बदल म्हणजे संशोधकास आयता मिळालेला प्रयोगच. मात्र २०१९ मध्ये कंपन्यांना २२% कराचा पर्याय मिळाला व तो स्वीकारणाऱ्यांना ही जादा वजावट सोडावी लागली. त्यामुळे दोन्ही परिणाम वेगळे करणे आवश्यक ठरते. हे न केलेला प्रबंध परीक्षकाने परत पाठविला तर तक्रारीस जागा नाही.

लघुउद्योगांसाठी दोन दस्तऐवज जोडून पाहता येतील. कंपनीने मालमत्ता तारण ठेवून घेतलेल्या कर्जाचा बोजा कंपनी निबंधकाकडे नोंदवावा लागतो. त्यावरून कर्जाची तारीख व रक्कम कळते. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात उत्पादने, त्यांचे प्रमाण आणि सांडपाण्याची मर्यादा नमूद असते. कर्ज मिळाल्यानंतर उत्पादनांची यादी बदलली की केवळ टनेज वाढले, हे या दोहोंच्या तुलनेतून दिसू शकेल. भागीदारी व एकल मालकीच्या संस्थांच्या कर्जाची नोंद निबंधकाकडे होत नसल्याने त्या नमुन्यातून गळतील. त्यांच्यासाठी विद्यार्थ्याला कारखान्यात जाऊन बॅचच्या नोंदवह्या पाहण्याची परवानगी मागावी लागेल, आणि ती मिळण्यास महिने लागू शकतात हे गृहीत धरूनच नोंदणीच्या वेळी आराखडा मंजूर करावा.